पालखीखालचं हीव

मी मुंबईत नेमकं काय करते हे आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ती व्यवस्था आईनं जाणूनबुजून केली होती. कुणी विचारलं की, "शिकते अजून," एवढंच सांगून ती पाटीतल्या मासळीच्या, बांगड्याच्या भावाकडे वळायची. लेक पांढऱ्या उंदरांना मलेरिया देते आणि मग त्यांच्या शेपटीचं रक्त काचेवर घेऊन बघत बसते, हे चारचौघांत सांगायची तिची छाती नव्हती. एकटीला गाठून मला मात्र सुनवायची. "गणपतीचा वाहन ता. त्याला सुया टोचतेस. त्यापरीस माज्यासोबत पाटी घेऊन बाजारात बसली असतीस तर बरा झाला असता."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी रत्नागिरीच्या दक्षिणेकडची, पूर्णगडच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या वाडीतली. वाडीत बहुतेक घरं मासळीवर जगणारी. बाबा गेल्यावर आई मासळी विकून घर चालवायची, दादा मुंबईला इमारतींच्या कामावर सेंटरिंगच्या फळ्या ठोकायचा आणि मी एका प्रयोगशाळेत संशोधन करायचे. दादाच्या आणि माझ्या मुंबईत फार अंतर होतं. तो अर्ध्या बांधलेल्या इमारतीत, साचलेल्या पाण्याच्या हौदाशेजारी झोपायचा; मी हॉस्टेलात मच्छरदाणी लावून. याचा मला तेव्हाही त्रास व्हायचा. मी जात्याच काळजीखोर. आई म्हणायची, "हिला काय काळजी नसली तर हिला त्याची काळजी वाटता."

आमच्या प्रयोगशाळेतला प्रश्न सांगायला सोपा होता. मलेरियाचा जंतू रक्तात शिरला की उंदराचं अंग त्याच्याशी भांडतं कसं? अंगातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. हे निरोप म्हणजे अगदी सूक्ष्म रेणू. एका पेशीनं ते सोडायचे, दुसरीनं ओळखायचे आणि कामाला लागायचं. एका रेणूचं नाव इंटरफेरॉन, दुसऱ्याचं टीएनएफ. आमचे सर फळ्यावर बाण काढून हे समजावत, तेव्हा बाकीचे विद्यार्थी भराभर उतरवून घेत आणि मला आमचा किनारा आठवत असे. किनाऱ्यावरून ओढतात ते लांबलचक जाळं, रापण, मी लहानपणापासून पाहिलं होतं. मासा आत आला की एक जण हाकारा घालतो, आणि वाडीतलं माणूस असेल तसं धावत येऊन दोराला लागतं. हाकारा झाला नाही तर मासा निघून जातो. पण जाळं काठाला लागल्यावरही कुणी ओरडतच राहिलं आणि येईल तो ओढतच राहिला, तर जाळं फाटतं.

आमच्या उंदरांचं तसंच व्हायचं. हाकाऱ्याचे रेणू सुरुवातीलाच अडवले की जंतू माजायचे. ते रेणू मोकाट सुटू दिले, तर मलेरियाच्या एका जातीत उंदीर भलत्याच रीतीनं मरायचा. रक्तात जंतू थोडेच असायचे, पण निरोपांचा असा कल्लोळ व्हायचा की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजून तुंबायच्या. त्याच टीएनएफला उशिरा, वेळ साधून अडवलं, तर यातलेच काही उंदीर वाचायचे. मला या गोष्टीचं फार नवल वाटायचं आणि थोडी भीतीही.

आजारी उंदीर ओळखायला मला सूक्ष्मदर्शक लागत नसे. केस पिंजारलेले, पाठीला बाक, बाकीच्यांना सोडून कोपऱ्यात बसलेला. मग आम्ही त्याला उचलून पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवायचो. धडधाकट उंदीर तारा घट्ट पकडून ठेवतो. ज्याची पकड सुटली त्याचं काही खरं नसे. सरांची ताकीद होती की दिसेल ते लिहायचं, हवं ते लिहायचं नाही. मी ती ताकीद देवाच्या आज्ञेसारखी पाळायचे.

त्या वर्षी शिमग्याला दादा आणि मी एकाच एसटीनं गावी निघालो. शिमगा म्हणजे आमच्याकडे गणपतीएवढाच मोठा सण. ग्रामदेवतांचे मुखवटे लावलेली पालखी देवळातून निघून घरोघर जाते, प्रत्येक अंगणात नाचवली जाते, आणि तिला खांदा द्यायचा मान ठरावीक घरांचा असतो. बाबांचा मान आता दादाकडे होता. मुंबईतली नोकरी गेली तरी चालेल, पण शिमगा चुकवणार नाही, असल्या लोकांपैकी तो एक.

गाडी महाड सोडते न सोडते तोच दादानं शाल अंगावर ओढली. बाहेर फाल्गुनातलं ऊन आणि हा कुडकुडत होता. मी कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस. डॉक्टरनं गोळ्या दिलेल्या. खाल्ल्या."

"सगळ्या खाल्ल्यास?"

"ताप उतरला मग कशाला खायच्या? उरलेल्या दिल्या आमच्या खोलीतल्या एकाला. त्यालापण आलेला."

मी असं काही बोलले की पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. दादा हसला. म्हणाला, "तुला बाय, सगळीकडं उंदीरच दिसतात." चिपळूण येईपर्यंत त्याला घाम सुटला, ताप उतरला, आणि स्टँडवर उतरून त्यानं दोन वडापाव खाल्ले. मी म्हटलं, उद्या आधी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासू. पण दुसऱ्या दिवशी गेलो तर दवाखाना शिमग्यासाठी बंद होता.

पुढचे दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवून काढले. ताप यायचा, जायचा. आला की तो पडवीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसायचा, आणि ते बसणं मला बघवत नव्हतं, कारण पिंजऱ्यांत मी ते रोज बघत होते. आईला सांगितलं की याला रत्नागिरीला न्यायला हवं. ती म्हणाली, "पालखी येऊन जाऊ दे घरात, मग ने कुठं न्यायचा तिथं." दादाला सांगितलं, या वर्षी खांदा दुसऱ्याला दे. तो भडकला. "बाबांनी कधी दिला दुसऱ्याला?"

पालखी आमच्या अंगणात दुपारी आली. सारवलेलं अंगण, रांगोळी, ढोल-ताशांचा दणदणाट, सगळी वाडी जमलेली. दादा पुढच्या दांड्याखाली होता. सकाळपासून बरा दिसत होता, पण नाचताना त्याचे पाय उगाच लांब पडत होते. पालखीनं दोन फेरे घेतले, आणि दादाला हीव भरलं.

आधी हात कापायला लागले, मग खांदे, मग दातखीळ बसल्यासारखा जबडा, आणि मग सगळं अंग. शेजारच्यानं घाईनं दांडा आपल्या खांद्यावर घेतला. दादा गुडघ्यांवर बसला आणि थरथरत राहिला. ढोल थांबला.

"वारं आलं!" कुणीतरी ओरडलं.

म्हणजे अंगात देव आला. पालखीखाली माणूस असा कापू लागला तर आमच्या गावात दुसरा अर्थ कुणाच्या मनातही येत नाही. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. गावाच्या वतीनं देवाशी बोलायचा मान ज्यांचा, ते मानकरी काका पुढे आले आणि हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, आलास, लेकरांच्या अंगणात उभा ऱ्हायलास. वाडीची राखण कर रे महाराजा." सगळ्यांनी एका आवाजात साथ दिली, "व्हय महाराजा!"

मी पुढे धावले. काकांनी हात आडवा घातला. "हात लावू नको बाय. वारं हाय."

"काका, त्याला ताप आहे. मलेरिया आहे!" घाबरले की माझ्या तोंडून मुंबईची भाषा येते. त्या भाषेनं माझं काम आणखीच बिघडवलं. लोक मी परकी असल्यासारखे बघायला लागले.

"तू शिकलेली, तुजा मान हाय," काका समजुतीनं म्हणाले. "पण वाऱ्यातल्या माणसाला हात लावला तर वारं उलटता. त्याच्याच जिवावर येईल." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच दादाची काळजी होती, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं. आईनं माझं मनगट धरलं.

दादाचे ओठ हलले. "पाणी," तो म्हणाला. "पाणी... पाणी..."

"पाणी म्हणतोय," काकांनी मोठ्यानं सांगितलं. "दर्याला यंदा बरकत हाय!"

"व्हय महाराजा!"

एकालाही तांब्या आणावासा वाटला नाही. आई ओटीचं ताट घेऊन पुढे झाली. मला वाटलं, आता ही काही बोलेल, आता हिला दिसेल. ती आपल्या मुलाच्या पायांवर हळदकुंकू वाहून म्हणाली, "महाराजा, माजी पोर शिकतेच हाय अजून. तिचा लगीन कधी होईल ता सांग." या प्रसंगावरून मी तिला पुढे जन्मभर चिडवलं. तेव्हा मला हसू नव्हतं येत, रडू येत होतं.

दादाचं कापणं कमी झालं. लोकांना वाटलं देव शांत झाला. मला ठाऊक होतं, हे शांत होणं नव्हे. त्याचे डोळे उघडे होते, पण ते कुणावरही ठरत नव्हते. ते कापणं देवाचं नव्हतं, तसं जंतूचंही नव्हतं. त्याच्या अंगानं स्वतःच घातलेला तो हाकारा होता, आणि आता जाळं कुठे फाटतंय हे मला बाहेरून दिसायला लागलं होतं. ओरडून उपयोग नव्हता. वाऱ्यातल्या माणसाला हात लावता येत नाही, पण प्रश्न कुणालाही विचारता येतो, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. मी आईच्या ताटातला नारळ उचलला, त्याच्यासमोर बसले आणि आमच्या बोलीत, जमेल तेवढ्या मोठ्यानं विचारलं,

"महाराजा, माज्या भावाला रत्नागिरीस नेव काय? मोठ्या दवाखान्यात नेव काय?"

दादानं माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं नाही. मग त्याची मान खाली गेली, हनुवटी छातीला टेकली.

दिसेल ते लिहायचं. मला दिसलं ते एवढंच की त्याच्या मानेतली शक्ती गेली. मी उभी राहून ओरडले, "व्हय म्हणाला! मान हालवली! महाराजा व्हय म्हणाला!"

कुणी हललं नाही. काकांनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत त्यांना काय कळलं, काय नाही, मी कधी विचारलं नाही. त्यांनी हात जोडले. "देवाचा शबुद हाय. नेवा त्याला."

"व्हय महाराजा!"

मग मात्र कुणी पळभर थांबलं नाही. मासळीचा टेम्पो आला, त्यात गोधड्या टाकल्या, आणि देव निघालाय म्हणून ढोल डांबरी रस्त्यापर्यंत वाजत आला. टेम्पोच्या तळाशी बर्फाचं पाणी अजून होतं. मी त्यात ओढणी भिजवून दादाचं अंग पुसत राहिले. आई हळदकुंकवाचं ताट मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक वळणावर ते सावरत होती.

रत्नागिरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघताक्षणी क्विनीनची बाटली लावली. रक्त तपासून आल्यावर ते आईला म्हणाले, "जंतू आहेत, पण फार नाहीत. बरं झालं आणलंत." आईचा चेहरा उजळला. मी दादाकडे वळून पाहिलं. जंतू थोडे आणि माणूस शुद्धीवर नाही, हे चित्र माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. क्विनीन जंतू मारील. पण हाकारा कोण थांबवणार? मुंबईला आमच्या फ्रीजमध्ये तो रेणू अडवणारी अँटिबॉडी होती, ती उंदरांच्या कामाची. माणसाला द्यावं असं कुणाच्याच फ्रीजमध्ये काही नव्हतं. घरातल्या कुणापेक्षाही मला जास्त कळत होतं, आणि त्या कळण्याचा एकच उपयोग होता, की मी सगळ्यांहून जास्त घाबरले होते.

आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "खरा सांग. तुज्या उंदरांचा नाय ना लागला ह्याला?"

"आये, उंदराचा मलेरिया माणसाला होत नाय."

"देवाची आण?"

"देवाची आण."

तिनं मान हलवली. तिचा प्रश्न माझ्या मनाला लागला. खरं उत्तर मी अगदी निश्चित जाणत होते, तरी मी माझ्या हातांकडे पाहिलंच.

मी मग एकच करत राहिले. माझं बोट दादाच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "दादा, धर." बोटं सैल पडलेली असायची. थोडं थांबून पुन्हा ठेवायचे. नर्सबाई येऊन बाटली बदलून गेल्या, बाहेर रात्र झाली, आई बसल्या जागी पेंगली, आणि मी तेच करत राहिले. धर. धर ना रे. इतक्या उंदरांना मी जाळीवर ठेवलं होतं, पण एखाद्यानं धरून ठेवावं म्हणून जीव असा कधी टांगणीला लागला नव्हता.

उजाडल्यावर, आई चहा आणायला गेली असताना, बोटं मिटली. मी आनंदून उठले नाही. वाटलं, आपल्याला हवं तेच दिसतंय. मी बोट सोडवून घेतलं, दुसऱ्या हातावर ठेवलं. "धर." त्यानं धरलं. चांगलं घट्ट, सुतारकाम करणाऱ्या माणसाचं धरणं. मग डोळे न उघडता म्हणाला, "पाणी."

आई चहाचा ग्लास घेऊन दारातच उभी होती. तिनं तो तिथेच खाली ठेवला आणि खाटेखालचा तांब्या उचलला. या खेपेला अर्थ सांगायला काका नव्हते. तो पाणी प्यायला, आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

क्विनीननं त्याच्या कानात आवाज भरला होता. दुपारी त्यानं विचारलं, "ढोल वाजतोय अजून. पालखी आपल्याकडंच हाय काय?" अंगणातलं त्याला काहीही आठवत नव्हतं. आईनं ते त्याला सगळं सांगितलं, तिच्या पद्धतीनं: देव आला, देवानंच सांगितलं रत्नागिरीला ने, म्हणून वाचलास. मी खोडून काढलं नाही. ती गोष्ट गावात अजून तशीच सांगतात.

मी मुंबईला परतले तेव्हा पिंजऱ्यांत नवी तुकडी आली होती. माझं काम मी पुढेही केलं, सरांची ताकीदही पाळली. फक्त जाळीवर ठेवलेला उंदीर तारा धरायचा तेव्हा माझ्या तोंडून "शाब्बास" निघायला लागलं, आणि सर एकदा म्हणाले, "हे निरीक्षणात लिहू नका."

पुढच्या शिमग्याला दादा पुन्हा पुढच्या दांड्याखाली उभा राहिला. साऱ्या वाडीचे डोळे त्याच्यावर. यंदाही वारं येणार, म्हणून लांबच्या वाडीतलीही माणसं प्रश्न घेऊन आली होती. ढोल घुमला, पालखी नाचू लागली, आणि मला त्याचे खांदे थरथरल्यासारखे दिसले. मी कुणाला विचारलं नाही. चालत्या पालखीत शिरले आणि त्याच्या मानेला हात लावला.

"अगो, नाचतोय मी!" तो धापा टाकत ओरडला. "काढ हात!"

लोक हसले. काकांनी कपाळाला हात लावला. मी लाजून मागे सरले तर आई माझ्या पाठीशीच उभी होती, ओटीचं ताट घेऊन. देवाला विचारायचे तिचे प्रश्न संपलेले नव्हते. माझं लग्न अजून व्हायचंच होतं. पण तिनं देवाला काही विचारलं नाही. माझ्या कानाशी वाकून विचारलं, "गरम लागला काय गो?"

"नाय आये. घाम हाय नुसता."

तिच्या ताटात नारळाशेजारी पाण्याचा तांब्या होता. पालखी टेकताच तिनं तो आधी दादाच्या तोंडाला लावला, आणि मग देवीची ओटी भरली.